टली हॅस्किटची दुसरी तारीख

ओहायोतल्या एका जिल्हा कचेरीत मार्सेला डन्फीने एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी सांभाळल्या होत्या. माणूस म्हटला की त्याच्या दोन तारखा असणारच, आणि नीट शोधलं तर दोन्ही सापडणारच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा गेला, आणि दिवस खायला उठायला लागले. तेव्हा ऑरिन ग्रोबेकरने तिला बेसबॉल इतिहास संशोधन मंडळात ओढलं.

ऑरिन मंडळाच्या स्थानिक शाखेचा चिटणीस. पंचाहत्तरी ओलांडलेला, बारा महिने एकच तपकिरी स्वेटर घालणारा.

"सभासद होऊन मला मिळणार काय?" मार्सेलाने विचारलं होतं.

"शंभर-दीडशे वर्षांची वर्तमानपत्रं घरबसल्या वाचायला मिळतात. अडलीस की प्रश्न टाकायचा, संध्याकाळच्या आत देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून उत्तर येतं. आणि दर दुसऱ्या शनिवारी वाचनालयात बैठक. डोनट असतात. शिळे असतात, पण असतात."

"आणि सगळे म्हातारे."

"तू आलीस की सरासरी वय जरा खाली येईल."

त्याने सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. सहा महिन्यांत मार्सेलाने विस्मृतीत गेलेल्या दोन खेळाडूंच्या मृत्यूच्या तारखा शोधून काढल्या. एकाच्या नातीने थेट ओरेगॉनहून पत्र पाठवलं. ते पत्र मार्सेलाने फ्रिजच्या दारावर लावलं. कितीतरी महिन्यांनी तिला सकाळी उठावंसं वाटत होतं.

मार्चमध्ये ऑरिनने तिच्या हातात टली हॅस्किटची फाइल ठेवली. जन्म १८८७. १९०९ साली मोठ्या संघाकडून एकच सामना खेळला, चेंडूफेक केली, हरला. मृत्यूच्या रकान्यात काहीच नव्हतं. फाइल आधी हॉवर्ड पेल्झ नावाच्या सभासदाकडे होती.

"याने अर्ध्यावर का सोडली?"

ऑरिन जरा घुटमळला. "सोडली नाही. बारा वर्षांपूर्वी तो एकाएकी नाहीसा झाला. गाडी दारात, चष्मा टेबलावर. पोलिसांनी खूप शोधलं."

मार्सेलाने फाइल घरी नेली. नवव्या दिवशी तिला दाखला सापडला : टली हॅस्किट, मृत्यू १४ नोव्हेंबर १९३१. तिने नाव दोनदा वाचलं, तारीख मंडळाच्या ऑनलाइन नोंदवहीतल्या रकान्यात भरली आणि निवांत झोपली.

सकाळी कॉफी घेऊन ती अंत्यविधीची बातमी शोधायला बसली. अंत्यविधीऐवजी सहल सापडली. जुलै १९३६, शेजारच्या परगण्यातलं साप्ताहिक. चर्चच्या सहलीत माजी खेळाडू टली हॅस्किट यांनी पंचाचं काम केलं, असं त्यात होतं. १९०९ च्या सामन्याचाही उल्लेख होता.

तिने दाखला पुन्हा उघडला. त्यावर नाव होतं टॅल्बट हॅकेट.

मार्सेला कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. एकतीस वर्षांत तिने एकही नाव चुकीचं वाचलं नव्हतं.

बातमीखाली फोटो होता. लांब टेबल, मागे झाडं, ओळीने बसलेली पाच माणसं. मधला हॅस्किट. उजवीकडून पहिल्याचं नाव छापलं होतं : हॉवर्ड पेल्झ.

तिने ऑरिनला बोलावून घेतलं. तो हसत आला. "अगं, एका नावाची दहा माणसं असतात." मग त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि त्याचं हसू विरलं.

"तोच आहे. कोटावर बघ."

कोटावर मंडळाचा बिल्ला होता. १९३६ साली मंडळ जन्मालाही आलं नव्हतं.

"ऑरिन, तुम्ही इथेच थांबा."

"माझ्याकडे पेल्झचे जुने फोटो आहेत, ताडून बघतो. तू या पानाला हात लावू नकोस. तासाभरात फोन करतो."

तास झाला, दोन झाले. तिने चार वेळा फोन लावला. तीन वाजता ती त्याच्या घरी गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. कुणीतरी गवत कापत होतं.

ऑरिनची गाडी दारात होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

"ऑरिन?"

स्वयंपाकघरात कपातून वाफ येत होती. संगणकावर तेच पान उघडं होतं.

फोटोत आता सहा माणसं होती.

सहावा कडेला बसला होता, तपकिरी स्वेटरमध्ये. काळ्या-पांढऱ्या फोटोतही तिला तो ओळखता आला.

मार्सेलाने खुर्ची ओढली. मंडळाच्या नोंदवहीत शिरून तिने ती १९३१ ची तारीख पुसली. रकाना मोकळा केला. मग पान नव्याने उघडलं.

सहाच होती.

तिने फोन केल्यावर शेरीफच्या कचेरीतून एक तरुण अधिकारी बाई आल्या. घरभर फिरल्या, कपाला हात लावून पाहिला. मार्सेलाने त्यांना फोटो दाखवला. त्या कडेच्या माणसाबद्दल मात्र तिची जीभ उचलेना.

"छान फोटो आहे," बाई म्हणाल्या. "जुन्या फोटोंत लोक असे आखडून बसलेले असतात. हे सगळे कसे मोकळे हसतायत. समोर कुणीतरी ओळखीचं असल्यासारखे."



बाई स्क्रीनजवळ वाकल्या आणि अगदी खालची बारीक ओळ वाचू लागल्या.

"फोटो काढणाऱ्याचं नाव दिलंय इथे," त्या म्हणाल्या, आणि वही चाळायला लागल्या. "तुमचं नाव काय सांगितलंत मघाशी?"