पाच जिल्ह्यांपुरता आवाज

जालिंदर खरमाटे रसवंतीच्या गाड्यापाशी खुर्ची टाकून बसला होता आणि समोरच्या भोंग्यातून जालिंदर खरमाटेच बोलत होता.

"सुटल्या! सात चाकोऱ्या, सात गाड्या, आणि मधल्या चाकोरीतनं बघा, बघा मंडळी, कशी ढांग टाकतोय हरण्या!"

"अण्णा, तोंड न हलवता कसं काय जमतं तुमाला?" रसवाल्यानं ग्लास पुढं करत विचारलं. भोवतालची माणसं हसली. जालिंदरही हसला. त्याला बरंच वाटलं होतं.

तीस वर्षं त्या भागातलं बैलगाड्यांचं एकही मोठं मैदान त्याच्या आवाजाशिवाय सुटलं नव्हतं. कुठला बैल कुणाच्या दावणीचा, कुठल्या मैदानात कुणी कुणाला किती फुटांनी मारलं, सगळं तोंडपाठ. मग गळ्यात गाठी झाल्या. असंच ओरडत राहिलात तर दोन वर्षांत आवाज जाईल, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. त्याच महिन्यात 'रानशर्यत' वाहिनीची मृणाल केळुसकर घरी आली. पाच जिल्ह्यांतल्या सगळ्या शर्यतींचे प्रक्षेपणहक्क या वाहिनीकडे होते. आता तिला समालोचकही कायमचा हवा होता.

"अण्णा, गळा थकेल, आवाज थकणार नाही," ती म्हणाली. चौदा वर्षांच्या जुन्या मुद्रणांवरून यंत्रानं त्याचा आवाज शिकायचा आणि मैदानावरच्या कॅमेऱ्यांतून शर्यत बघत आपल्या मनानं बोलायचं, अशी ती योजना होती. त्या यंत्राच्या आवाजाला ते लोक 'स्वरप्रत' म्हणत. जालिंदर भुलला तो पैशाला नाही. आपण गेल्यावरही मैदानात आपणच बोलत राहू, या विचारानं त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्यानं कागद न वाचता सही ठोकली.

कागदात काय होतं ते पुतणीच्या लग्नात कळलं. पाहुण्यांचं स्वागत करायला त्यानं माइक घेतला, ओठ हलवले आणि मांडवात चिडीचूप. नव्या कायद्यानं प्रत्येक ध्वनिवर्धकात आता स्वरकुलूप बसवलेलं असे. कुणाचा आवाज आहे हे ते क्षणात ओळखी, आणि त्या आवाजाचे हक्क दुसऱ्याच्या नावावर असतील तर तिथल्या तिथं गिळून टाकी. वाहिनीच्या यंत्रातून येणाऱ्या आवाजासोबत कानाला न कळणारी एक खूण येई, तेवढ्यालाच कुलूप उघडे. म्हणजे पाच जिल्ह्यांत जालिंदरच्या आवाजात भोंग्यावरून वाहिनीचं यंत्र बोलू शकत होतं, खुद्द जालिंदर नाही. लग्नात सगळे पोट धरून हसले होते, आणि त्यालाही हसण्यावारी न्यावं लागलं.

आज स्वरप्रतीचं पहिलं मोठं मैदान होतं. दुसऱ्याच गटाची शर्यत सुटली तेव्हा जालिंदरला काहीतरी खटकलं. चाल, दम, मध्येच घेतलेला आवंढा, सगळं हुबेहूब होतं. पण एक गोष्ट गायब होती.

निकालाच्या रेषेवर निवृत्तीबापू बसे. साठी उलटलेला, मैदानाचा सगळ्यात जुना पंच. कॅमेरे आले तरी कोण जिंकलं हे बापूनं सांगितल्याशिवाय गावं मानत नसत. फक्कीच्या पांढऱ्या रेघेच्या एका टोकाला उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि दुसरा रेघेवरून हलवायचा नाही. कुठल्या बैलाचं नाक आधी आलं एवढंच बघायचं. दुसऱ्या टोकाला गेली चार वर्षं त्याची मुलगी सुगंधा बसत होती. रेघेवरून नजर हलली तर निकाल चुकला, म्हणून येणाऱ्या गाड्यांकडे दोघं बघतच नसत. ते काम जालिंदरचं. उंच मंचावरून त्याला सातही चाकोऱ्या दिसत. एखादी जोडी चाकोरी सोडून कडेला आली की समालोचन अर्धवट टाकून तो ओरडे, "बापू, मागं!" आणि बापू मान वर न करता बसल्या जागेवरून मागं लोळण घेई. तीस वर्षांत बापूला साधं खरचटलंही नव्हतं.

स्वरप्रत हे कधीच म्हणत नव्हती. जोडी कडेला झुकली तरी तिचं आपलं रंगतदार बोलणं चालूच.

मधल्या सुट्टीत बापू धोतर झटकत रस प्यायला आला. "आज लई रंगात हायस गड्या. हितं रस पितोयस अन् तितं राबतोयस."

"बापू, जरा जपून बस हां आज," जालिंदर म्हणाला.

"मला कशाला जपायचं? तू हायस की," बापूनं वरच्या भोंग्याकडे बोट केलं. "डोळं झाकून बसलो तरी चालतंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तो मी नाही, त्याच्यावर विसंबू नकोस, एवढे चार शब्द. पण आपल्याच जिवलग मित्रासमोर आपल्याच आवाजाला नावं ठेवणं त्याच्या जिवावर आलं, आणि बापू ग्लास ठेवून निघूनही गेला. खरं सांगायचं तर जालिंदरला त्या वेळी बापूपेक्षा आपला आवाज प्यारा वाटला होता. हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं.

तरी त्याला चैन पडेना. मंचामागं वाहिनीची गाडी उभी होती. मृणाल आत चार पडद्यांसमोर बसली होती.

"बाई, माझ्या जुन्या मुद्रणांत बापूला मारलेल्या हाका होत्या. त्या कुठं गेल्या?"

"त्या गाळल्या आम्ही, अण्णा. 'मागं सरा', 'खाली बसा', 'पोरं आवरा'. घरी बसून बघणाऱ्याला त्याचा काय उपयोग? उलट रंगाचा बेरंग होतो."

"आवो, पण मैदानात हाच भोंगा वाजतोय न्हवं!"

तिनं खरोखरच हा विचार केलेला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "पुढच्या सुधारणेत घालू. आता एक फायनलच राहिलीय."

तोवर फायनल पुकारली गेली होती. मैदान मोकळं झालं होतं, दोर ताणले होते, पलीकडं कुणाला जाऊ देईनात. जालिंदर धापा टाकत मंचावर चढला. तिथं आता कुणीच बसत नव्हतं. पाहुण्यांच्या सत्कारापुरता एक माइक तेवढा उभा होता.

झेंडा पडला. सात गाड्या सुटल्या. अर्ध्या वाटेवर सातव्या चाकोरीतल्या जोडीचा डावा बैल बुजला, त्यानं जोडीदाराला बाहेर रेटलं आणि छकडा चाकोरी सोडून कडेला, थेट बापूच्या अंगावर निघाला. चालक कासरा ओढत मागं कलंडला होता.

जालिंदरचा हात माइककडे गेला. तीस वर्षांची सवय. "बापू, मागं! बापू, मागं सर!" तो गाठींची पर्वा न करता ओरडला. माइकनं सगळं गिळलं. आपली हाक भोंग्यातून बाहेर पडत नाही हे कळायला दोन सेकंद गेले. मग त्यानं माइक फेकला आणि उघड्या गळ्यानं बोंब ठोकली. मैदान हजार फुटांचं. दोराबाहेरची माणसं ओरडत होती, पण फायनलला माणसं ओरडतातच. त्या सगळ्यावर चार भोंग्यांतून त्याचाच धिप्पाड आवाज पसरला होता. "आली, आली, आली! काय ती चाल, काय तो दम! डोळ्यांचं पारणं फिटलं, मंडळी!"

बापू ते ऐकत होता. जालिंदर बोलत होता आणि जालिंदरनं मागं सर म्हटलं नव्हतं, म्हणून त्यानं रेघेवरची नजर हलवली नाही.

छकडा त्याच्यावरून गेला. भोंग्यानं विजेत्या जोडीचं नाव पुकारलं, मालकाचं अभिनंदन केलं आणि प्रायोजकांचे आभार मानले. दुसऱ्या टोकाची सुगंधा रेघ तुडवत बापाकडे धावली तेव्हाही ते आभार संपले नव्हते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात बापूनं प्राण सोडला.

जालिंदरचा आवाज त्या दिवशी फाटला तो फाटलाच. आता तो बोलला की जात्याची घरघर ऐकू येई.

तेरावा झाल्यावर मृणाल बापूच्या घरी आली. जालिंदरला तिनं तिथंच बोलावून घेतलं होतं. ओसरीवर ती खाली मान घालून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. पिशवीत मात्र कागद होता.

"अण्णा, माइकनं तुमचा आवाज बाहेर सोडला नाही, पण नोंदवून ठेवला. तेवढी एकच हाक आमच्याकडे आहे. जुन्या मुद्रणांतल्या गाळलेल्या हाका आम्ही पुसून टाकल्या होत्या. न ऐकलेली हाक स्वरप्रतीला मारता येत नाही, आणि आधीचा करार जुन्या मुद्रणांपुरताच आहे. तुम्ही हिचे हक्क दिलेत तर तिला शिकवता येईल. पुढं पाची जिल्ह्यांत कुणी बापू मरणार नाही."

तिनं हातातलं यंत्र दाबलं. "बापू, मागं! बापू, मागं सर!" ओसरी त्या आवाजानं भरली. आत भांडी घासणारे हात थांबले.

जालिंदरकडे आता स्वतःची म्हणून तेवढीच एक हाक उरली होती, आणि तीही वेळेवर पोचली नव्हती. ही विकायची? प्रत्येक मैदानात, प्रत्येक अनोळखी पंचासाठी, भोंग्यावरून बापूचं नाव घेऊन ही किंकाळी वाजणार? आणि नाही दिली तर?

"दुसऱ्या कुणाच्या आवाजात घाला की," तो घरघरत म्हणाला.

"दुसऱ्याच्या आवाजाला कुणी हलत नाही, अण्णा. दोन मैदानांत करून बघितलं." मृणालनं कागद त्याच्यापुढं सरकवला.

सुगंधा ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. तिनं कागदाकडे बघितलं नाही, मृणालकडेही नाही.

"काका," ती म्हणाली, "रविवारी मैदान हाय. बापूच्या जागेवर मी बसणाराय. मी कुणाचा आवाज ऐकू?"