बर्गेंचं गावरान

कोरेगाव-पुसेगाव रस्त्यावर वैजूकाकी बर्गेंचा ढाबा आहे. तिथे एक तरुण अधिकारी आला आणि जेवणाचं न विचारता त्याने कोंबड्याचं एक पीस मागितलं. आधी कोंबड्याकडेच मागितलं, पण कोंबड्याने सहकार्य केलं नाही.

‘गावरान’ हा शब्द पाटीवर लिहायचा तर आता तपासणी लागे. गावरान पिझ्झा, गावरान शाम्पू इथपर्यंत लोकांनी सहन केलं होतं. एका बिल्डरने ‘गावरान टॉवर्स’ उभारले, तेव्हा सरकारला नामशुद्धी खातं काढावं लागलं. वैजूकाकींच्या पाटीवर ‘बर्गेंचं गावरान’ एवढंच होतं. त्यातलं गावरान पुसलं तर ‘बर्गेंचं’ उरणार, आणि बर्गेंचं काय, हे विचारायला कोणी गाडी थांबवणार नव्हतं.

वाळिंबे नावाच्या त्या अधिकाऱ्याकडे मूळमापक होता. टॉर्चएवढं यंत्र. प्रत्येक मूलद्रव्याची हलकी-जड भावंडं असतात, त्यांना समस्थानिके म्हणतात, आणि प्रत्येक गावच्या पाण्यामातीत त्यांचं प्रमाण निराळं असतं, असं त्याने समजावलं. जे खाल-प्याल त्याची नोंद पिसात नाहीतर केसात उतरते. जन्म कुठला, हे यंत्र विचारत नाही.

काकींचा तुरेबाज कोंबडा परीक्षेत नापास झाला. त्याचा मका परराज्यातून पोत्याने यायचा. मागच्या गटाराशी पडलेलं एक मळकं पांढरं पीस मात्र यंत्राला लावताच हिरवा दिवा लागला. ते एका ब्रॉयलरचं होतं. टेम्पोतून उडी मारून तो पळाला होता, तेव्हापासून गटारातल्या किड्यांवर जगत होता आणि कोणाच्या बापाला सापडत नव्हता.

“ह्यो गावरान?” काकींनी विचारलं.

“यंत्राप्रमाणे शंभर टक्के. पण हा पातेल्यात गेला की पुरावा संपला.”

वाळिंबेने नियमातली एक पळवाट काढली. पदार्थ गावरान नसला तरी रांधणारा असला तर पाटी राहते. काकी हसल्या. पाच पिढ्या याच मातीत, बाळंतपणाला माहेरी गेल्या तेही ओढ्यापलीकडे. त्यांनी पदर सारून केस पुढे केला. दिवा लाल झाला. रेशनचा तांदूळ पूर्वेकडून, पिशवीतलं तेल समुद्रापलीकडून, आणि पाणी रोज जारमधून.

काकी बाकावर बसल्या. मग त्यांनी भाकरी थापणाऱ्या रामाशीषकडे बोट केलं. तो बिहारमधल्या सिवानचा. जारच्या पाण्याने त्याचं पोट बिघडायचं, म्हणून विहिरीचं पाणी प्यायचा. मागच्या शेतातल्या शाळूची भाकरी आणि वाफ्यातला पाला खायचा. त्याच्या केसाला यंत्र लावलं. हिरवा.

बाकावरचे ट्रकवाले टाळ्या वाजवू लागले. एकाने त्याला सरपंचपदाला उभं राहा म्हणून सांगितलं. काकींनी रामाशीषच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि लगेच त्याची दिवाळीनंतरच्या छठपूजेची रजा रद्द केली. पुढची तपासणी त्यानंतर लगेच होती. गावी जाऊन तिकडचं खाल्लं आणि दिवा लाल झाला तर?

रामाशीषने पिठाचे हात पुसले. तो काकींकडे नाही, वाळिंबेकडे वळला.

“साहेब, आई स्टेशनावर ठेकुआ घेऊन हुबी असते. गुळाचा, घरच्या गव्हाचा. त्यातले किती खाल्ले की मी हितला राहत न्हाय?”

वाळिंबेने यंत्र उलटसुलट करून पाहिलं. केस वाढेल तसा नवा भाग नवं पाणी दाखवतो, असं काहीसं तो बोलला, पण आकडा त्याला सांगता येईना.

“आन् एकबी खाल्ला न्हाय,” रामाशीष म्हणाला, “तर मी तिथला तरी राहतो का?”

गटाराकडून ब्रॉयलर ऐटीत आला, तुरेबाज कोंबड्याच्या पोत्यातला मका टिपू लागला. त्याला कोणी हाकललं नाही.

काकींनी एकदा पाटीकडे पाहिलं. मग रामाशीषला म्हणाल्या, “जा. पोटभर खाऊन ये.” आणि पदर खोचत वाळिंबेकडे वळल्या.

“साहेब, नुसतं ‘बर्गेंचं’ ठेवलं, तर बसाल का जेवायला?”