‘कोरे’चं चौथं कार्ड

चिंगी दुपारी झोपली की मला पाऊण तास मिळतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी प्राचीन ग्रीक शब्दकोशाची कार्डं लावते. शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ पुढे, नंतरचे त्याच्या मागे. नियम एकच: कुणीतरी, कधीतरी तो शब्द त्या अर्थाने वापरल्याची साक्ष कार्डाखाली हवी. साक्ष नाही, तर अर्थ कोशात नाही.

मंगळवारी ‘कोरे’ हा शब्द निघाला. पहिलं कार्ड: मुलगी. दुसरं: खेळातली बाहुली. तिसरं: डोळ्यातली बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात आपण एवढेसे दिसतो. आपणही तेच म्हणतो की, असं वाटून हसू आलं. मग विरलं. चिंगी पाच महिन्यांची झाली, तरी तिचा उजवा डोळा खुळखुळ्यामागे फिरत नव्हता.

मागे अजून एक कार्ड होतं. माझ्याआधी हे काम करणाऱ्या बाईंचं तिरकं अक्षर. ‘आत राहणारी.’ साक्षीची जागा रिकामी.

संपादकांना फोन लावला.

“या शब्दाची बाईंची तीनच कार्डं आहेत, मी स्वतः तपासलीत,” ते म्हणाले. “साक्ष नाही ना? फाडून टाका.”

फाडणार तोच चिंगी रडली. चारही कार्डं खणात सरकवून मी धावले.

बुधवारी सकाळी दुधाची बाटली हलवत आणली, आणि उजवा डोळा बाटलीमागे फिरला. पुन्हा हलवली. पुन्हा फिरला.

“अगं, पाज आता तिला. कवायत पुरे,” नवरा म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बारीक उजेड टाकून पाहिलं. डावा डोळा. मग उजवा, बराच वेळ. मग माझ्या खांद्यामागे पाहिलं.

“बरोबर अजून कोणी आलंय का?”

“नाही. का हो?”

“काही नाही.” त्यांनी दिवा बंद केला. “दोन्ही डोळे उत्तम आहेत. आता आईने जरा झोप काढायची.”

भर रस्त्यात मी रडले, तिच्या टोपड्यात नाक खुपसून. किती महिन्यांनी खांदे हलके झाले होते.

घरी येऊन कार्ड फाडायला खण उघडला. तसाच लावला. राहू दे. माझ्या पिल्लाला दिसतंय.

खिडकीपाशी तिला मांडीवर घेतलं. ती टक लावून माझ्याकडे बघत होती. दोन्ही डोळ्यांत एकेक इवलीशी बाई.

मी पापी घ्यायला वाकले.

डाव्या डोळ्यातली वाकली.

उजव्यातली, जरा थांबून.