मंजिरीचा मोजा

आरसेशाळेत सकाळपासून काचेवर काच घासल्याचा खरखराट चालला होता. अकरावीला इथे गणित, विज्ञान, कला असे वेगळे तास नव्हतेच. दुर्बिणीचा आरसा हाताने घडवायचा, त्याच्या खोलगट आकाराचं गणित मांडायचं, प्रकाश टाकून तो तपासायचा. बाकी सगळं हाताच्या वळणावर.

अनघा दुनाखेचं लक्ष मात्र शेजारच्या टेबलावर होतं. तिथे मंजिरी ठोंबरे काम करायची. यंदाच शाळेत आलेल्या या पोरीने चांद्रवेधशाळेच्या आरसा-निवडीच्या पहिल्या फेरीत पहिला क्रमांक पटकावला होता. गेल्या वर्षी जिच्या आरशांचं सगळी शाळा कौतुक करायची, ती अनघा दुसरी. उद्या अंतिम निवड. चंद्रावर एकच आरसा जाणार होता, आणि तो मंजिरीचा असेल या विचाराने अनघाच्या अंगाचा तिळपापड होत होता.

सगळी करामत मंजिरीच्या हातमोज्याची, अशी तिने मनाची समजूत घातली होती. नव्या मुलांना यंदा अनुस्पर्श हातमोजे मिळाले होते. अनघाच्या वेळी असले लाड नव्हते. ढवळीकर सरांनी मोजे वाटतानाच वर्गाला समजावलं होतं, "मोजा तुमचा हात हलवत नाही. त्यात एका उत्तम हाताचं वळण साठवलेलं आहे. तुमचा हात त्यापासून जिथे ढळेल, तिथेच तो आवळतो. फरक नाही, तर मोजा गप्प."

मधल्या सुट्टीत सगळे जेवायला गेले तशी अनघाने मंजिरीच्या खणातला मोजा काढून हातात चढवला आणि आपली काच घासायला घेतली. मोजा गप्प. तिने बराच वेळ घासलं. तरी गप्पच. एवढ्यात सर आत आले. शरमायचं सोडून अनघा उलट फणकारली, की मोजा बंद पडलाय.

सरांनी तो स्वतःच्या हातात घालून काचेवर फिरवला आणि कळवळून काढून ठेवला.

"चांगला चालू आहे," ते मनगट चोळत म्हणाले. "वळण कोणाचं ते आम्ही सांगत नाही. एकाच्या डोक्यात हवा जाते, बाकीच्यांच्या पोटात दुखतं. पण तुला आता सांगायला हवं. गेल्या वर्षी तुझ्या टेबलातल्या संवेदकांनी टिपलेला हात आहे हा. तुझा."

अनघाला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. आपलीच विद्या वापरून ही बया पहिली आली!

"मग माझा आरसा दुसरा कसा, सर?"

सरांनी मोजा तिच्यापुढे सरकवला. "घाल. कर काम."

तिने पुन्हा घासायला सुरुवात केली. मोजा गप्पच होता. सुट्टी संपली, मुलं परतली. मंजिरीने आपला मोजा अनघाच्या हातात पाहिला. सरांनी तपासायला दिल्याचं अनघाने सांगितल्यावर ती हसली.

"राहू दे गं तुझ्याकडे. मला आता नाही लागत," असं म्हणून ती मोज्याशिवायच काम करू लागली. तिचा हात काचेवरून संथ, एकसारखा फिरत होता. अनघाची नजर तिकडे वळली.

त्याच क्षणी मोज्याने तिचं मनगट करकचून आवळलं.

तिने सरांकडे पाहिलं. त्यांनी फक्त तिच्या काचेकडे बोट केलं. तिने नजर आपल्या काचेवर आणली, दात आवळून हात सावकाश केला, पण मन शेजारच्या टेबलावरून हलेना, आणि मोजा काही सैल होईना.