तीन चर्चचा ऑर्गनवाला

गुनवोरकाकूंनी ब्रेक अगदी वेळेवर दाबला. तेवढ्यावर निभावलं.

नोव्हेंबर होता. दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे उजेड आवरायला लागला होता. उत्तरेकडच्या होल्मसेले गावात मी गाडी शिकवते, आणि काकू माझ्या सगळ्यांत थोरल्या विद्यार्थिनी. वय बासष्ट. नवरा होता तोवर त्यांना स्टिअरिंगला हात लावायची वेळ आली नव्हती. तो गेला तेव्हा कळलं, दुकान चार किलोमीटरवर आहे आणि बहीण ऐंशीवर.

आम्ही चर्चच्या उताराखाली पोचलो आणि वरून एक माणूस बर्फावर घसरणाऱ्या ढकलखुर्चीच्या पट्ट्यांवर उभा राहून सुसाट खाली आला. आमच्याकडच्या आज्या त्या खुर्चीवर पिशव्या ठेवून बाजार करतात. याने कागदांचा भलाथोरला गठ्ठा ठेवला होता. आमच्या समोरून तो सर्रकन गेला आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतला. कागद रस्ताभर.

मी उतरले. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"लागलं का कुठे?"

"नाही... हे थांबवतात कसं?"

"पाय टेकून."

"एवढंच?"

"एवढंच. पण उतार सुरू व्हायच्या आधी."

काकूंनी काच खाली केली. "मारित, हा नवीन ऑर्गनवाला. दक्षिणेकडचा आहे. तिकडे सगळं सपाट असतं, त्याला कुठून माहीत असणार."

मी कागद गोळा करून दिले. सुरावटींचे होते, त्यावर पानांचे आकडे नव्हते. तो एकेक कागद डोळ्यांसमोर धरायचा, दोन ओळी गुणगुणायचा आणि बरोबर जागी सारायचा. मी उगाच उभी राहिले. काकूंनी हॉर्न वाजवला, तो बहुधा मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत आला. नाव एस्किल, वय एकतीस, गाडी चालवता येत नाही. आमच्या भागात हे म्हणजे पोहता न येणाऱ्याने बेटावर घर घेण्यासारखं. त्याच्याकडे तीन चर्च होती, शेवटचं साठ किलोमीटरवर नोर्रोनला, आणि रविवारी बस नाही. मे महिन्यापर्यंत लायसन्स काढा, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल, असं पाद्रीबाईंनी त्याला गोड शब्दांत सांगितलं होतं.

"किती दिवसांत येईल?" त्याने विचारलं.

"तुम्ही थांबायला कधी शिकता त्यावर आहे."

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याला सवय होती.

शिकायला तो वाईट नव्हता, फक्त सावकाश होता. गिअर बदलायच्या आधी मनात काहीतरी मोजायचा. आमच्या गावात एकही सिग्नल नाही, म्हणून सिग्नल शिकायला शंभर किलोमीटरवर लिक्सेलेला जावं लागतं. जाताना जंगल, येतानाही जंगल. अशा रस्त्यावर माणूस बोलायला लागतोच.

"आजवर किती जणांना शिकवलंत, बाई?" तो मला मुद्दाम बाई म्हणायचा.

"एकशे चाळीस-बेचाळीस."

"त्यातले गावात किती आहेत?"

"काकूंना धरून?"

तो हसला, पण मी हसले नाही. खरंच होतं ते. आमच्या पोरांना लायसन्स मिळालं की त्या उन्हाळ्यात ती दक्षिणेला जातात. रास्मुसलाही मीच शिकवलं होतं. आमचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. गोथेनबर्गला जाऊन नोकरी बघतो म्हणाला, आणि पोचल्याचा फोनही केला. त्यानंतरचे फोन हळूहळू कमी झाले. एस्किलला मी हे चार वाक्यांत सांगितलं. त्याने वेग थोडा कमी केला.

जानेवारीत एकदा वळणावर एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाची, मादी पिल्लाला घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. एस्किलने गाडी अलगद थांबवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काचेवर आमच्या श्वासाचं धुकं धरलं.

"हॉर्न वाजवू?"

"नको. तिला घाई नाहीये."

"मलाही नाहीये," तो म्हणाला. आणि मग, समोर बघतच, "तुला आहे का, मारित?"

बाईची मारित झाली होती आणि तुम्हीचं तू. मी म्हटलं, "लिक्सेलेचा क्लास चार तासांचाच असतो." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. लिक्सेलेत आम्ही पाल्ट, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, खाल्ले, कॉफीत चीज बुडवलं. कॉफीत चीज घालतात यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याने माझ्या कपातलंही संपवलं.

फेब्रुवारीत तो पहिल्यांदा नापास झाला. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांजवळ दोन बाया गप्पा मारत होत्या. त्या ओलांडतील म्हणून हा थांबला, आणि थांबूनच राहिला. मार्चमध्ये उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला विसरला आणि पुन्हा नापास झाला. माझ्याबरोबर हे तो कधीच विसरला नव्हता.

काकू पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुद्दाम नापास होतोय तो. तुझे क्लास संपू नयेत म्हणून."

मी त्याला सरळ विचारलं.

"मुद्दाम नाही," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले. "शेजारी तू असलीस की मला सगळं दिसतं. परीक्षक बसला की... निम्मंच दिसतं."

कुठल्याही मुलीने यावर विरघळायला हवं होतं. मी घाबरले. मे महिना जवळ येत होता. हा तिसऱ्यांदा नापास झाला तर गेलाच, आणि त्याचं कारण मी असणार.

"मग मी तुला शिकवलंच नाही म्हणायचं," मी म्हटलं. "उद्यापासून तोर्केल बघेल."

तोर्केल आमच्या शाळेचा मालक. दिवसाला सात-आठ शब्द बोलणारा माणूस.

एस्किलने माझ्याकडे पाहिलं. "तुला तसं हवंय?"

"तू पास व्हायला हवायस."

"ते मी नाही विचारलं."

मी वहीत त्याच्या नावापुढे तोर्केलचं नाव लिहिलं.

एप्रिलच्या शेवटी तो पास झाला. फोनवर एक शब्द आला, "झालं." मी तीनदा काहीबाही लिहिलं, तीनदा पुसलं, आणि "अभिनंदन" पाठवलं. मग काहीच नाही. आता क्लास नव्हते; भेटायला निमित्त नव्हतं. गाव एवढंसं, तरी माणूस ठरवलं तर दिसत नाही.

दोन आठवड्यांनी काकू गाडी आमच्या दारात आडवी लावून आत आल्या. "ऐकलंस का? त्याला दक्षिणेतून बोलावणं आलंय. मोठं चर्च, मोठा ऑर्गन. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"चांगलंय."

"हो ना. तू इथे बसून चांगलंय म्हण. रास्मुसच्या वेळीही चांगलंय म्हणाली होतीस."

त्या गेल्या. मला राग आला, कारण काकू खरं बोलत होत्या. गेलेल्या कुणालाही मी थांब म्हटलं नव्हतं. माणसाला राहायचं असेल तर तो आपणहून राहील, असं मला वाटायचं. त्यात मानही राहतो. पण मान घेऊन करायचं काय, हे काही त्या संध्याकाळी सुचेना.

रविवारी मी नोर्रोनला गेले. चर्चमध्ये नऊ माणसं होती. पाद्रीबाईंचं प्रवचन चालू होतं. मी मागचा लाकडी जिना चढून वर ऑर्गनपाशी गेले. प्रत्येक पायरी वाजली. एस्किलने वळून पाहिलं, आणि त्याच्या हातातलं पान खाली पडलं.

"तू इथे?" तो कुजबुजला.

"बोलायचंय."

"आत्ता?"

"नंतर जमणार नाही मला." मी कठडा घट्ट धरला. "तिकडचा ऑर्गन मोठा असेल. इथे हिवाळा सात महिने आहे. तुझं वाजवणं ऐकायला नऊ माणसं येतात, त्यातली दोन बहिरी आहेत. हे सगळं मला माहितीय. तरी... जाऊ नकोस."

तो बघत राहिला. "हे गावाच्या वतीने म्हणतेयस?"

"गावाचं गाव बघेल. मी माझ्यासाठी म्हणतेय. एस्किल, तू मला हवायस."

खाली प्रवचन संपलं. शांतता पसरली. पाद्रीबाई खोकल्या. पुन्हा खोकल्या.

"तुझी वेळ झाली," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला आणि हललाच नाही. मग एकदम वळला आणि भलतंच गाणं वाजवायला लागला. नाताळचं. मे महिन्यात. खालच्या नऊ माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, पुस्तकं मिटली आणि ते पाठ होतं तसं म्हणायला लागली. तो पाठमोरा होता. त्याचे खांदे हसत होते की आणखी काही, ते मला कळलं नाही.

बाहेर आलो तेव्हा तळ्यावरचा बर्फ काळा पडून कडेने सुटायला लागला होता. माझ्या गाडीशेजारी एक जुनी निळी व्होल्वो उभी होती.

"कुणाची?"

"माझी. गुरुवारी घेतली."

"जाण्यासाठी?"

"तेच तर ठरत नव्हतं." त्याने खिशातून किल्ली काढली. "पत्राची दोन उत्तरं लिहून ठेवलीयत. एक हो, एक नाही. तू शिकवणं सोडलंस तेव्हा वाटलं, हिला माझी कटकट झालीय. मग कुणासाठी राहू?"

"आणि आता?"

"आता शुक्रवारची वाट बघायची गरज नाही. उद्या टाकतो पेटीत, नाहीचं." तो थांबला. "बसतेस? तुझी गाडी परत येऊन नेऊ."

"एकशे वीस किलोमीटर उगाच?"

"उगाच कसं?"

मी बसले. त्याने आरसा नीट केला, पट्टा लावला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग पुन्हा उजवीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ बघत राहिला. गाडी सुरू व्हायच्या आधीच त्याने माझं चुंबन घेतलं. पाद्रीबाई दाराला कुलूप लावत होत्या. त्यांनी ते जरा जास्तच वेळ लावलं.

पहिल्या वळणावर माझा पाय शिकवायच्या गाडीतल्या सवयीने आपोआप खाली दाबला गेला.

"तिथे ब्रेक नाहीये," तो म्हणाला.

"माहितीय," मी म्हटलं, आणि पाय उचलून मांडी घालून बसले.