तीस सेकंदांचे कुलूप

शाल्मलीचा खेळ दिवसेंदिवस आळशी होत चालला होता. पृथ्वी सोडली त्या दिवशी तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडला होता. सहाव्या दिवशी त्याला दहा सेकंद लागले, बाराव्या दिवशी वीस आणि अठराव्या दिवशी तीस सेकंद थांबूनही तो उघडलाच नाही. पडद्यावर एवढेच आले: ‘परवाना तपासता आला नाही. कृपया दुकानाशी संपर्क साधा.’ आता मंगळाच्या वाटेवर असलेल्या यानात दुकान आणायचे कुठून?

यानाचे नाव ‘वाटसरू’. अकरा वर्षांची शाल्मली आईबरोबर निघाली होती. आई मंगळावरच्या वसाहतीत डॉक्टर म्हणून रुजू होणार होती. बाबा मात्र चिपळूणलाच राहिले, कारण त्यांच्या हृदयाला उड्डाणाचा ताण सोसला नसता. मायलेकी अडीच वर्षांनी परतणार होत्या. बाबा मुळातच अबोल. पत्रात ‘जेवलीस का? मी बरा आहे’ याच्यापुढे त्यांचे गाडे सरकत नसे. पण ‘नदीकाठ’ नावाच्या या खेळात बापलेकींनी मिळून एक गाव वसवले होते, आणि बाबा रोज संध्याकाळी तिथे काहीतरी करून ठेवत. कधी एखाद्या घराची कौले बदललेली असत, कधी होडीला नवा रंग दिलेला असे. बाबांचा दिवस कसा गेला हे शाल्मलीला त्यावरूनच कळे. आता ते दार बंद झाले होते.

या खेळापायी पैसे तरी थोडे का गेले होते? दोन वाढदिवसांच्या भेटी साठवून मूळ खेळ घेतला, तर त्यात नदी होती पण होडी नव्हती. होडी वेगळी विकत, घाट वेगळा विकत. भाजी घेतली की फोडणीचे पैसे निराळे, असे बाबा म्हणाले होते. शिवाय हा खेळ एकाच दुकानात मिळे आणि त्या दुकानाच्याच यंत्रावर चाले, म्हणून बाबांचे चांगले चालते यंत्र माळ्यावर गेले. आणि एक गोष्ट तर शाल्मलीला फारच खात होती. यानात प्रत्येक मुलाला स्वतःचे असे एक किलोच सामान नेता येई. बाबांनी आंब्याच्या लाकडाची एक होडी कोरून दिली होती. ती चारशे ग्रॅम भरली, तेव्हा शाल्मलीनेच ती काढून ठेवली होती. खेळात होडी आहेच आणि खेळाला वजन नसते, असा तिचा हिशेब होता. बाबा “बरोबर आहे” एवढेच म्हणाले होते.

आपल्याच हातून काही बिघडले, अशी तिची समजूत झाली. यंत्र तीनदा बंद-चालू करून ती शेवटी तांबटआजोबांकडे गेली. हे यानावरचे सत्तरीचे संदेशशास्त्रज्ञ. पृथ्वीशी होणारे सगळे बोलणे त्यांच्या नजरेखालून जाई. त्यांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. रोज किती वेळ लागत होता, तेवढे विचारले. शाल्मलीने वैतागून आकडे वहीत लिहून ठेवले होते. ते पाहून आजोबांनी चष्मा पुसला आणि तिला शेजारी बसवले.

खेळ उघडताना दर वेळी पृथ्वीवरच्या दुकानाच्या सर्व्हरला (माहिती साठवणाऱ्या मोठ्या संगणकाला) एक प्रश्न पाठवतो, असे त्यांनी सांगितले: या मुलीकडे परवाना, म्हणजे खेळायची परवानगी, आहे का? हा प्रश्न रेडिओलहरींवर स्वार होऊन जातो, आणि त्या लहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. चिपळुणात बसून विचारले तर जाण्यायेण्याचा वेळ जाणवतसुद्धा नाही.

“सहाव्या दिवशी दहा सेकंद लागले,” आजोबा म्हणाले. “त्यातले जायला किती?”

“निम्मे. पाच.”

“मग पाच सेकंदांत लहर किती लांब जाते?”

शाल्मलीने वहीत गुणाकार केला. पंधरा लाख किलोमीटर. बाराव्या दिवसाचे तीस लाख आले, अठराव्या दिवसाचे पंचेचाळीस लाख. आजोबांनी भिंतीवरच्या मार्गफलकाकडे (यान कुठे पोचले ते दाखवणाऱ्या पाटीकडे) बोट केले. आकडे तंतोतंत जुळत होते. खेळ करणाऱ्यांनी त्याला बजावले होते की तीस सेकंद वाट पाहा, तोवर उत्तर आले नाही तर खेळणाऱ्याला चोर समज. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त पृथ्वीवरची मुले होती.

“म्हणजे मी घरापासून किती लांब आलेय, तेच मी रोज लिहीत होते,” शाल्मली म्हणाली, आणि तिला रडू कोसळले. आजोबांनी तिला रडू दिले.

थोड्या वेळाने तिने विचारले, खेळ तर इथेच, यंत्रात आहे ना? आहे, सगळा आहे, आजोबा म्हणाले. पण तो कूटबद्ध आहे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा खुणांत लिहिलेला आहे, आणि किल्ली दुकानाकडे आहे. कपाट आपल्या घरात, पण ते उघडायला दर वेळी दुकानदाराला बोलवायचे, असा हा प्रकार.

“तू खेळ घेतलाच नव्हतास, शाल्मली. तो खेळायची परवानगी घेतली होतीस.”

“मग त्यांनी ‘विकत घ्या’ असं का लिहिलं होतं?”

“हे दुकानालाच विचारायला हवं,” आजोबा म्हणाले.

कुलूप फोडता येईल का, असेही तिने विचारून पाहिले. फोडले तरी बाबांचे नवे काम हाती येणार नव्हते, कारण ते दुकानाच्याच सर्व्हरवर साठत होते. मग दोघांनी दुकानाला रीतसर पत्र लिहिले. आठवड्याने उत्तर आले. ग्राहकांच्या भावना दुकानाला मोलाच्या वाटत होत्या. परवाना मात्र पृथ्वी आणि चंद्र एवढ्यापुरताच होता. मंगळासाठी खेळाचा वेगळा जोडभाग निघणार होता, वेगळ्या किमतीला, आणि तोही दुसऱ्याच दुकानात, शाल्मलीच्या यंत्रावर न चालणारा.

आजोबांना रागावलेले तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यांनी पत्र बंद केले आणि ते म्हणाले, “चल, आपणच करू. वाट पाहायला न घाबरणारा खेळ.”

महिनाभर ते दोघे खपले. युक्ती साधी होती. अख्खे गाव दोन्हीकडे असायचे, इथे शाल्मलीच्या यंत्रात आणि तिकडे बाबांच्या. रोजचा बदल तेवढा पत्रातून पाठवायचा, साध्या ओळीत: ‘पायरी, तिसरी रांग, काळा दगड.’ पत्राला उशीर झाला तर काही अडत नाही. टपाल दोन दिवस उशिरा आले म्हणून पोस्टमन घराला कुलूप लावून जात नाही. चित्रे ओबडधोबड होती, नदी तर निळ्या पट्ट्यासारखी दिसे. पण हा खेळ कोणत्याही यंत्रावर चाले. तो चिपळूणला पाठवल्यावर बाबांनी माळ्यावरचे जुने यंत्र खाली काढले.

त्यांची पहिली ओळ आली तेव्हा शाल्मली जेवण टाकून धावली. पत्रात लिहिले होते: ‘घाट. तीस पायऱ्या. महिन्याला एक. दोन झाल्या.’ तिने पुन्हा वाचले. तीस महिने म्हणजे अडीच वर्षे. तिने ते पत्र आईला दाखवले.

मंगळावर उतरल्या दिवशी पृथ्वीला प्रश्न विचारून उत्तर यायला वीस मिनिटे लागत होती. वसाहतीतली मुले शाल्मलीभोवती गोळा झाली. दुकानातले त्यांचे सगळे खेळ केव्हाच मुके झाले होते. तेन्झिन नावाच्या मुलीने दबकत विचारले, “हा उघडायला कोणाला विचारावं लागतं?”

“कोणालाच नाही,” शाल्मली म्हणाली. “तुझ्याकडे आला की तुझा. तुझं गाव तू वसव, आणि पुढच्या यानातल्या मुलांनाही दे.”

तेन्झिनने लगेच नदी कुठून न्यायची ते ठरवायला घेतले. त्या संध्याकाळी चिपळूणहून ओळ आली. घाटाची सातवी पायरी बसली होती. पाण्यापर्यंत तेवीस उरल्या होत्या.