टरफलांची अब्रू

त्यांची पहिली भेट बेकरीच्या मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यापाशी झाली. ती डब्यात कोपरापर्यंत हात घालून वाकलेली आणि तो घमेलं घेऊन दारात उभा. प्रेमकथेला याहून बरी जागा मिळाली असती. पण त्या सकाळी दोघांपैकी कोणालाच प्रेमकथा नको होती. तिला अंड्यांची टरफलं हवी होती. त्याला घमेलं रिकामं करायचं होतं.

"काही हरवलंय का?" त्याने विचारलं.

"नाही... टरफलं घेतेय. चालेल ना?"

"चालेल की. तुम्ही चष्म्याच्या दुकानातल्या ना? माझ्या वडिलांना नंबर काढताना केवढ्या रागावला होतात."

"ते तक्ता पाठ करून आले होते."

"हो," तो गंभीरपणे म्हणाला. "मीच करून घेतला होता."

हाताला अंड्याचा बलक लागलेला असताना हसणं अवघड असतं. तिला ते जमलं. त्याने घमेलं खाली ठेवलं आणि टरफलं कशाला, असं विचारलं. तिने सांगितलं.

तिला लहानाची मोठी केली ती आत्याने. ही आत्या पायरीवरून घसरून दीड महिना पाय प्लास्टरमध्ये घालून वरच्या खोलीत पडली होती आणि तिचे अठरा डेलिया आता भाचीच्या हवाली होते. आत्याला मूलबाळ नव्हतं, डेलिया होते. त्यात तीन दिवस पाऊस लागला आणि गोगलगायी आल्या. काहींच्या पाठीवर घर होतं, काही बेघर होत्या. भूक मात्र सगळ्यांची सारखी. विषारी गोळ्या आत्याला चालत नव्हत्या, कारण त्या पक्षी खातात आणि शेजारची मांजरही. मग दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, की रोपाभोवती टरफलांचा चुरा पसरा. पोटाला टोचतो आणि गोगलगाय आल्या वाटेने परत जाते.

"अठरातले चार गेले," ती म्हणाली. "आत्याला अजून सांगितलं नाहीये."

दुसऱ्या दिवशी टरफलं तयार होती. धुतलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली, कुटलेली, केकच्या खोक्यात भरलेली. वर लाल दोऱ्याची फुलासारखी गाठ.

"एवढं कशाला केलंत?"

"ओव्हन तापलेलाच असतो."

"आणि ही गाठ?"

"गाठ... सवयीने," तो म्हणाला आणि एकाएकी पावांचे ट्रे मोजू लागला. ट्रे दोनच होते.

तिने संध्याकाळी चुरा पसरला. पहाटे जाऊन पाहिलं, तर एक लठ्ठ गोगलगाय टरफलांवरून अशी निघाली होती, जणू पायघड्या तिच्याचसाठी घातल्यात. पाचवा डेलिया अर्धा झाला होता.

हे त्याला सांगायचंच, असं ठरवून ती बेकरीत गेली. त्याच्या एका भुवईवर पीठ होतं.

"उपयोग झाला का?" त्याने विचारलं.

लोकांच्या डोळ्यांत बघायचा ती पगार घेत असे. दिवसाला तीस-चाळीस जोड्या सहज. पण त्यातल्या एकाही जोडीने तिच्याकडून कधी एवढी आशा धरली नव्हती.

"झाला ना," ती म्हणाली. "बराच."

एकदा टरफलांचं कौतुक केल्यावर त्यांची अब्रू सांभाळणं आलं. ती रोज साडेपाचला उठू लागली. संत्र्याच्या अर्ध्या साली रात्रीपुरत्या वाफ्यात पालथ्या घालायच्या, कडेला ओलं गोणपाट टाकायचं. सकाळी त्याखाली दडलेल्या गोगलगायी वेचून बादलीत भरायच्या आणि ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत सोडून यायच्या. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी, म्हणजे रात्री माती कोरडी. हे सगळं लागू पडलं. डेलियांनी माना वर केल्या, कळ्या धरल्या. श्रेय टरफलांना गेलं.

खोकं रोज मिळत होतं. बोलणंही रोज थोडं वाढत होतं.

"आज गाठ जरा घट्ट बसलीय," तो म्हणायचा.

"सोडवायला वेळ लागेल मग."

"तोच विचार होता."

चौदा खोकी झाली. तिने एकाचाही दोरा टाकला नव्हता.

अडचण त्याच्या वडिलांनी केली. त्यांनी गल्ल्यावर बसून टरफलांची थोरवी गायला सुरुवात केली आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले गल्लीतले एक काका आपल्या कोबीसाठी चार खोकी घेऊन गेले. आठवड्याने ते परत आले आणि त्यांनी कोबीचं एक पान गल्ल्यावर पसरलं. पानातून गल्ला दिसत होता.

"तुमच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय," वडील म्हणाले. "या मुलीचे डेलिया बघा जाऊन."

ती खोक्याच्या गाठीकडे बघत राहिली. तो तिच्याकडे.

"मी येऊन बघू का?" त्याने हळूच विचारलं. "उद्या?"

"या ना... नऊला या."

तो सहाला आला.

ती आत्याचा जुना रेनकोट घालून वाफ्यात उकिडवी बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बादलीत चाळीसेक गोगलगायी.

"तुम्ही नऊला येणार होतात."

"भट्टी लवकर उतरली." त्याने बादलीत डोकावून पाहिलं. "हे काय?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. होती तेवढी बादलीने व्यापली होती.

"टरफलांनी त्या थांबत नाहीत," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासूनच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... आणि काकांचा कोबी माझ्यामुळे गेला. आज त्यांना सांगणारच होते."

त्याने बादली जरा बाजूला सरकवली. तिला वाटलं, संपलं.

"मग रोज यायचात त्या कशाला?"

"खोकं न्यायला."

"त्यात तर टरफलंच असायची."

"गाठ पण असायची," ती मातीकडे बघत म्हणाली.

तो तिच्यासमोर खाली बसला.

"आम्हाला दिवसाला चार डझन अंडी लागतात. तुम्ही आल्यापासून मी सहा डझन फोडतोय. टरफलं कमी पडली आणि तुम्ही आलाच नाहीत तर... वडील, भट्टीवरची माणसं, सगळे पंधरा दिवस उरलेला केक खातायत. काल वडिलांनी हात जोडले."

ती इतकी हसली, की चष्मा बादलीत पडला. त्याने तो काढला, अ‍ॅप्रनला पुसला आणि तिच्या हातात न देता जपून तिच्या डोळ्यांवर ठेवला. काचांवर पीठ होतं. तरी तिला स्पष्ट दिसत होतं.

"काकांकडे संत्र्याच्या साली घेऊन जाऊ," तो म्हणाला. "दोघंही."

वरची खिडकी उघडली.

"टरफलांनी काही होत नाही, हे मला तीस वर्षं माहितीय," आत्या म्हणाली. "पण पोरगी साडेपाचला उठायला लागली, मग मी कशाला बोलू? चार गेले तेही मोजलेत मी. आणि अहो बेकरीवाले, तुमच्या टाचेखाली पाचवा आहे."

त्याने पाय उचलला. मग खिशातून पाव उचलायचा चिमटा काढला आणि वाफ्याच्या पलीकडच्या ओळीला जाऊन बसला. दोघं दोन बाजूंनी वेचत मध्यापर्यंत आले.

"उद्या खोकं आणू?" त्याने विचारलं.

"आण," ती म्हणाली. "रिकामं असलं तरी चालेल. गाठ मात्र मार."